ब्लूज एकसुरी वाटतो तेव्हा दोष स्टेजवर शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्थानिक संगीत महोत्सवांत अलीकडे एखादे सत्र ब्लूजसाठी, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांमधून आलेल्या गायन-वादनासाठी, राखले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कार्यक्रमानंतरच्या वृत्तांतांत आणि श्रोत्यांच्या बोलण्यात दोन तक्रारी हमखास येतात. एक, ‘सगळी गाणी सारखीच वाटली’. दुसरी, ‘आवाज फार कर्कश होता’. आमच्या मते या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. ज्या बारकाव्यांमुळे ब्लूजचे एक गाणे दुसऱ्यापासून वेगळे होते, तेच बारकावे चुकीच्या ध्वनिव्यवस्थेत सर्वांत आधी मरतात. मग उरतो तो सांगाडा, आणि सांगाडे सारखेच दिसणार.

तो सांगाडा आधी सांगतो. बहुतेक ब्लूज बारा बारच्या आवर्तनात बसतो. एकतालाच्या बारा मात्रांशी याची गल्लत करू नये. इथे एका बारमध्ये चार मात्रा असतात, म्हणजे पूर्ण आवर्तन ४८ मात्रांचे. पहिले चार बार मूळ कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर), पुढचे दोन चौथ्या स्वराच्या कॉर्डवर, दोन पुन्हा मुळावर, मग एक पाचव्यावर, एक चौथ्यावर आणि शेवटचे दोन परत मुळाकडे. गाणे ‘ई’ पट्टीत असेल तर ई, ए आणि बी सेव्हन एवढ्या तीन कॉर्डांत सगळे आटोपते. शब्दांची रचनाही ठरलेली : एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ त्या दोन्हींचे उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात. गाणारा त्यांतले साधारण अर्धेच वापरतो आणि उरलेली जागा वाद्यासाठी सोडतो.

सांगाडा तोच असणे हा दोष नव्हे. ख्यालात राग तोच आणि बंदिश दोन ओळींची असते म्हणून कोणी त्याला एकसुरी म्हणत नाही. ब्लूजमधला फरक तीन ठिकाणी असतो : स्वराच्या नेमक्या जागेत, गळा आणि वाद्य यांच्या सवाल-जवाबात, आणि आवाजाच्या चढ-उतारात. या तिन्हींचा घात वेगवेगळ्या चुकांनी होतो.

स्वराची जागा म्हणजे काय, हे आपल्या कानाला पटकन कळेल. ब्लूजचा गंधार पियानोच्या पट्ट्यांवर सापडत नाही. तो कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधे कुठेतरी असतो. गिटारवादक तार खेचून त्या जागी जातो, आणि प्रत्येक वेळी किंचित वेगळ्या ठिकाणी थांबतो. कोमल निषादाचे आणि पंचमाच्या जरा खालच्या जागेचेही तसेच. आता गायकाच्या माइकवर लांबलचक इको चढवला की मागच्या स्वराची सावली पुढच्या स्वरावर पडते आणि ती मधली जागा पुसून जाते. ब्लूजच्या गायकाला इको नकोच. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमक, द्यायचा तर सेकंदभराच्या आतला आणि जेमतेम जाणवेल एवढाच. मोकळ्या मैदानात थोडा जास्त चालतो, बंद सभागृहाला स्वतःचीच घुमक असते.

सवाल-जवाबाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ब्लूजचे गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांचे. ते गात असताना गिटार वाजवत नसत. ओळ संपली की गिटार बोलायची, तिचे संपले की पुन्हा गळा. अशा वेळी मिक्सरवर (सगळे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावर) बसलेला माणूस गाण्याच्या ओळीला गिटारचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली घेतो आणि सोलो आला की वर करतो. हेतू चांगला असतो, पण हात नेहमी क्षणभर उशिरा पोहोचतो आणि उत्तराचे पहिले दोन स्वर गडप होतात. वादक कुठे थांबायचे ते जाणतो. म्हणून समतोल साउंडचेकमध्ये, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या ध्वनिचाचणीत, एकदा लावून घ्यावा आणि नंतर फेडरवरून बोट काढावे.

चढ-उताराची कथा याहून वाईट. मुरलेला ब्लूज बँड एखाद्या संथ गाण्याच्या मध्यावर आवाज इतका खाली आणतो की गायक माइकपासून दूर होऊन गातो, ड्रमर काठीच्या टोकाने फक्त स्पर्श करतो. तिथून दोन आवर्तनांत तो सगळा डोलारा पुन्हा उभा राहतो. ध्वनितंत्रज्ञाला वाटते काहीतरी बिघडले, तो मुख्य फेडर वर ढकलतो, आणि बँड परत भरात आला की स्पीकर किंचाळतात. दुसरा शत्रू म्हणजे आधीच्या रॉक बँडसाठी लावून ठेवलेली उपकरणे. मुख्य आउटपुटवर घट्ट आवळलेला लिमिटर (आवाजाला ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारे यंत्र) असेल तर कुजबुज आणि गर्जना एकाच उंचीवर येतात. स्नेअर ड्रमवर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे यंत्र) असेल तर ड्रमर दोन ठोक्यांच्या मधे जे हलके, निसटते ठोके भरतो ते गेट गिळून टाकते आणि शफलचा झोका मोडतो. शफल म्हणजे मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवणे. मधला न वाजलेला भाग आणि ते हलके ठोके मिळूनच तो झुलता ठेका होतो. गेट बंदच ठेवावे. गायकाच्या माइकवर कॉम्प्रेसर (आवाजातला चढ-उतार आवळणारे यंत्र) हवा, पण आवळण्याचे प्रमाण दोनास एक किंवा फार तर तीनास एक. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे सगळे त्या माइकमधून कापून टाकावे. आणि साउंडचेकला सर्वांत दणकेबाज गाणे वाजवून घेण्याची जी सवय आहे ती ब्लूजपुरती उलटी करावी : सर्वांत हळू आवाजातले गाणे आधी वाजवून घ्यावे. ते मागच्या रांगेत स्वच्छ ऐकू आले तर मोठ्या गाण्याची चिंता उरत नाही.

आता अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर. कर्कशपणाची तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. ब्लूजचे गिटारवादक ट्यूबचे म्हणजे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प का मागतात? असा अ‍ॅम्प त्याच्या ताकदीच्या वरच्या टप्प्यात ढकलला की आवाज फक्त मोठा होत नाही, त्याचा पोत बदलतो. हळू छेडले तर स्वच्छ आणि जोरात छेडले तर कडा फाटलेला, असा फरक बोटांच्या जोरावर मिळतो. आयोजक ‘दर्जेदार’ म्हणून १०० वॅटचा अ‍ॅम्प आणून ठेवतात. तो त्या टप्प्यात येईपर्यंत पहिल्या पाच रांगा कान झाकून घेतात. मग त्याला ‘कमी करा’ सांगितले जाते, आणि उरतो तो पातळ, निर्जीव आवाज. दोनशे श्रोत्यांच्या सभागृहात १५ ते २० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पुरतो, मोकळ्या मैदानातही ४० वॅटच्या वर जाण्याचे कारण नाही, कारण दूरवर पोहोचवायचे काम मुख्य स्पीकरांचे आहे. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलवून उभा करावा, म्हणजे तो वादकाच्या पोटऱ्यांऐवजी कानाशी बोलतो आणि वादक स्वतःहून आवाज कमी ठेवतो. तोंड श्रोत्यांकडे सरळ न ठेवता स्टेजच्या आडव्या दिशेला वळवावे. साधा डायनॅमिक माइक स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, आतल्या शंकूच्या मध्यावर न रोखता थोडा कडेला धरावा. मध्यावर धरला की आवाज टोचतो.

हार्मोनिकाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. ब्लूजची हार्मोनिका दहा छिद्रांची, एकाच पट्टीची. वादक गाण्याच्या पट्टीची हार्मोनिका घेत नाही. तो तिच्या चौथ्या स्वराच्या पट्टीची घेतो आणि मुख्यतः श्वास आत ओढून वाजवतो. गाणे ‘ई’मध्ये असेल तर हार्मोनिका ‘ए’ची, ‘जी’मध्ये असेल तर ‘सी’ची, ‘ए’मध्ये असेल तर ‘डी’ची. असे केल्याने खालची छिद्रे ओढताना वाकवता येतात, तिसऱ्या छिद्राचा स्वर तर तीन अर्धस्वरांपर्यंत खाली येतो. मघाचा तो मधला गंधार इथे सापडतो. म्हणून गाण्यांच्या पट्ट्या वादकाला आदल्या दिवशी कळल्या पाहिजेत. काही गिटारवादक, उदाहरणार्थ स्टीव्ही रे वॉन, सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवत. असा गिटारवादक ‘ई’ म्हणाला तरी प्रत्यक्षात ‘ई फ्लॅट’ वाजते आणि त्यासाठी ‘ए फ्लॅट’ची हार्मोनिका लागते. ती प्रत्येकाच्या पेटीत असतेच असे नाही. हार्मोनिका स्टेजवर सुरात लावता येत नाही, हेही ध्यानात असावे. कारखान्यात ती ४४० हर्ट्झच्या (‘ए’ स्वराच्या प्रमाण उंचीच्या) किंचित वर लावलेली असते. शेजारी उतरलेला जुना पियानो असेल तर पियानोच लावून घ्यावा लागेल, आणि तोही स्टेजवर आणून ठेवल्यानंतर.

शिकागो पद्धतीचा हार्मोनिकावादक गोल, बुलेट माइक हार्मोनिकासकट दोन्ही मुठींत गच्च धरतो आणि तो ट्यूब अ‍ॅम्पला जोडतो. हार्मोनिकावादक लिटल वॉल्टर यांनी १९५०च्या दशकात या आवाजाला जे रूप दिले तेच आजही मागितले जाते. हा माइक मिक्सरला थेट जोडू नये. तो जास्त इम्पिडन्सचा (विद्युत अडथळ्याचा) असतो, आणि ज्या भरीव, फाटक्या आवाजासाठी तो धरला आहे तो अ‍ॅम्पमधूनच येतो. अ‍ॅम्पसमोर वेगळा माइक लावून तो मिक्सरला द्यावा. स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) वाजण्याचा धोका इथे सर्वांत मोठा, कारण मुठीतला माइक अतिशय संवेदनशील आणि अ‍ॅम्प भरपूर उघडलेला. उपाय क्रमाने असे : स्टेजवरच्या मॉनिटरमधून (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) हार्मोनिका पूर्ण काढून टाकावी. वादकाचा अ‍ॅम्प त्याच्या मागे, बाजूला, दोनेक मीटरवर आणि उंचावर ठेवावा. ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणावा, बास वाढवावा. एवढ्यानेही भागले नाही तर अ‍ॅम्पमधली पहिली १२ एएक्स ७ ट्यूब काढून १२ एवाय ७ किंवा १२ एयू ७ बसवावी. १२ एएक्स ७चा वर्धनांक (सिग्नल किती पट वाढवते तो आकडा) १००, १२ एवाय ७चा चाळिशीतला, १२ एयू ७चा विसाच्या आसपास. आवाज तोच राहून बेलगामपणा जातो. हे काम अ‍ॅम्पची माहिती असलेल्याने, अ‍ॅम्प बंद करून, ट्यूब गार झाल्यावरच करावे. सॉनी टेरी यांच्या पद्धतीने विनाअ‍ॅम्प वाजवणाऱ्याचे मात्र सगळे उलटे. तिथे हातांच्या उघडझापीतच सौंदर्य आहे, म्हणून गायकाचा माइक स्टँडवर १० ते १५ सेंटिमीटर दूर हवा.

विजेबद्दल. पाहुण्या कलाकारांचे अमेरिकी अ‍ॅम्प १२० व्होल्टचे असतात. २३० व्होल्टच्या ठिकाणी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो अ‍ॅम्पवर लिहिलेल्या वॅटेजवरून निवडला की फसतो. ४० वॅटचा आवाज देणारा ट्यूब अ‍ॅम्प वीज १५० ते २०० वॅट ओढतो. ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि त्यातून अर्थिंगची तार अखंड पुढे जाते ना हे मीटर लावून पाहावे. खरी पंचाईत हॅमंड ऑर्गनची. जुन्या टोनव्हील (फिरत्या चाकांतून स्वर काढणाऱ्या) हॅमंडची मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीबरोबर फिरते. ६० हर्ट्झचा ऑर्गन ५० हर्ट्झवर चालवला तर तो पाच-षष्ठांश वेगाने फिरतो आणि सबंध वाद्य तीन अर्धस्वरांहून थोडे अधिक उतरते. सी वाजवला की ए च्याही जरा खालचा स्वर येतो, म्हणजे तो कुठल्याच पट्टीत बसत नाही. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, फ्रीक्वेन्सी नाही. त्यासाठी फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर हवा, किंवा सरळ डिजिटल ऑर्गन. पेडल आणि बाकासह १९० किलोच्या आसपास भरणारे ते धूड चार माणसांनी स्टेजवर चढवल्यानंतर हे कळण्यात अर्थ नाही. कार्यक्रम जनरेटरवर असेल तर त्याची फ्रीक्वेन्सी भार चढल्यावर तपासावी.

गिटारमधून घूं घूं आवाज येतो तेव्हा कोणीतरी प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाकतो. हे कधीही करू देऊ नये. वादकाचा एक हात तारांवर आणि ओठ माइकवर असतात. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की वीज त्याच्या अंगातून जाते. ‘स्टोन द क्रोज’ या ब्लूज-रॉक बँडचे गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी येथे भर कार्यक्रमात अशाच अर्थिंग नसलेल्या माइकमुळे गेले. हा घूं घूं आवाज घालवायचा तर स्टेजवरचे सगळे अ‍ॅम्प आणि मिक्सर यांची अर्थिंग एकाच जागी आणावी, दिव्यांचे डिमर वेगळ्या फेजवर घ्यावेत, आणि सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गिटार वाजवणाऱ्याला ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटर दूर उभे करावे. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

एकट्याने गिटार घेऊन बसणाऱ्या कलाकाराला मोठ्या बँडनंतर बसवू नये. त्याला संध्याकाळच्या सुरुवातीला जागा द्यावी. त्याच्या पायाखाली एक प्लायवूडची फळी आणि तिच्यापाशी एक माइक ठेवावा. पायाचा ठेका हे त्याचे दुसरे वाद्य आहे, जॉन ली हुकर यांच्या १९४८च्या डेट्रॉइटमधल्या ध्वनिमुद्रणातही तो स्पष्ट ऐकू येतो. धातूच्या रेझोनेटर गिटारला माइक २० ते ३० सेंटिमीटरवरून, झाकणीच्या कडेकडे रोखून द्यावा. अगदी जवळ नेला तर पत्र्याचा खणखणाट तेवढा येतो. हा कलाकार एका गाण्यानंतर तारा ‘ओपन जी’मधून (मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजते त्या जुळणीतून) ‘ओपन डी’मध्ये नेईल. तेव्हा दीड-दोन मिनिटे शांततेची जातील, निवेदकाने ती भरायला धावू नये.

पाहुणा गायक आणि स्थानिक साथीदार, ही जोडी महोत्सवांत वारंवार जमवली जाते. ‘तीनच तर कॉर्ड आहेत’ म्हणून तालीम टाळली की ती स्टेजवर उघडी पडते. हुकर काय किंवा लाइटनिन हॉपकिन्स काय, जुने एकटे वाजवणारे कलाकार बारा बार मोजत बसत नसत. ओळ संपली की कॉर्ड बदले, मग ते अकरा बार होवोत की साडेतेरा. त्या वळणाच्या गायकामागे मोजून वाजवणारा साथीदार हमखास चुकतो. तिथे गायकाच्या डाव्या हाताकडे पाहायचे असते. साथीदारांना चार सूचना आधी समजल्या पाहिजेत. ‘फ्रॉम द फाइव्ह’ म्हटले की गाणे नवव्या बारपासून, म्हणजे पाचव्या कॉर्डवरून उचलायचे आणि चार बारांत समेवर यायचे. ‘क्विक चेंज’ म्हणजे दुसऱ्याच बारला चौथ्या कॉर्डवर जाऊन परत येणे. अर्धे साथीदार गेले आणि अर्धे राहिले की तो बार कानाला खुपतो. ‘स्टॉप टाइम’ म्हणजे पहिल्या चार बारांत बँडने फक्त समेवर ठोका देऊन गप्प राहणे. आणि शेवट कसा करायचा ते प्रत्येक गाण्यापुढे लिहून ठेवावे, कारण सर्वाधिक फजिती शेवटाला होते. दोन तासांची एक तालीम आणि प्रत्येकाच्या पायाशी एक कागद : गाण्याची पट्टी, ठेका, सुरुवात, शेवट.

वेळेचे गणित सोपे आहे. मिनिटाला ६० मात्रांच्या संथ लयीत एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते. प्रस्तावनेचे एक, गाण्याची तीन आणि सोलोची दोन धरली तरी पाच मिनिटे झाली. वीस मिनिटांच्या सत्रात चार गाणी होतात, आणि चार गाण्यांत बँडला खाली जायला आणि वर यायला जागा मिळत नाही. पन्नास मिनिटे द्यावीत. त्याआधी साउंडचेक तासाभराचा आणि दोन बँडांमध्ये अर्धा तास. सहा जणांच्या बँडला साधारण तेरा चॅनेल लागतात : ड्रमला चार, बासला एक, गिटारच्या अ‍ॅम्पांना दोन, कीबोर्डला दोन, हार्मोनिकाला एक, गळ्यांना तीन. ही यादी आणि कोण कुठे उभा राहणार त्याचा नकाशा आठवडाभर आधी मागून घ्यावा.

श्रोत्यांसाठी एकच. टाळ्यांचा ठेका धरायचा असेल तर तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरावा. पहिल्या आणि तिसऱ्यावर हजार हात पडले की ड्रमरचा झोका उलटा फिरतो.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. समीक्षकाला मानाने पहिल्या रांगेत, मधोमध बसवले जाते. तिथे गायकाचा आवाज बाजूच्या स्पीकरांतून डोक्यावरून निघून जातो आणि गिटारच्या अ‍ॅम्पमधली तार-सप्तकातली धार अरुंद झोताने सरळ अंगावर येते. तीच धार चार खुर्च्या बाजूला सरकले तर निम्मी होते. समीक्षकाने पहिली दोन गाणी तिथे ऐकावीत आणि मग उठून मिक्सरच्या टेबलापाशी उभे राहावे. आवाजाचा समतोल त्या जागेवरून लावलेला असतो. तिथेही कर्कश वाटले तर तसे जरूर छापावे, आणि कोणते वाद्य कर्कश होते तेही लिहावे. म्हणजे पुढच्या वर्षी तोच अ‍ॅम्प वळवता येईल.

आपले,
ब्लूज वाजवणारे आणि त्याची ध्वनिव्यवस्था पाहणारे काही वाचक